अठ्ठावीस कॅप आणि एक टोपी

साठी उलटलेला माणूस एक दात दाखवायला जातो आणि अठ्ठावीस कॅपांचं कोटेशन घेऊन बाहेर पडतो, हे आता तालुक्याच्या गावीही होऊ लागलं आहे. कागदाच्या माथ्यावर 'फुल माउथ रिहॅबिलिटेशन' असं भारदस्त नाव, खाली लाखांतला आकडा, आणि त्याच्याही खाली सोप्या हप्त्यांची सोय. मूळ तक्रार काय होती? थंड पाण्याने एक दाढ शिवशिवत होती, नाहीतर पुढच्या दाताचा टवका उडाला होता. पण तोंडाचे फोटो काढून समोरच्या पडद्यावर लावले जातात. आपलेच दात तळहाताएवढे मोठे, पिवळे, कडा खाल्लेले असे पाहिले की भल्याभल्यांचा धीर सुटतो. मग ऐकवलं जातं, "काका, दात झिजल्यामुळे चावा खाली बसलाय. आत्ता केलं नाहीत तर पुढे काही करता येणार नाही."

या सल्ल्यामागे एक सलग युक्तिवाद आहे आणि त्याला उत्तर द्यायचं तर आधी तो नीट मांडायला हवा. झीज हा रोग आहे. दात झिजले की वरचा आणि खालचा जबडा जवळ येतात आणि चेहऱ्याची उंची घटते. उंची घटली की जबड्याचा सांधा, कान, मान, डोकं दुखू लागतं. म्हणून सगळे दात तासून, त्यांवर कॅप घालून चावा पुन्हा उंच करायचा. आणि हे सगळं अंगात ताकद आहे तोवर एकदाच उरकायचं, म्हणजे पुढे कटकट नाही. ऐकायला बिनतोड वाटतं. मी स्वतः याच व्यवसायात आहे, आणि माझ्या मते यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, दुसरं बहुतेकांच्या बाबतीत खोटं आहे, तिसऱ्याला आधार नाही आणि शेवटचं तर चक्क उलटं आहे.

झिजेपासून सुरू करू. दात झिजतातच. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८९ मध्ये मोजमाप प्रसिद्ध केलं, त्यात दाढांचं कठीण आवरण वर्षाला साधारण २९ मायक्रॉन आणि उपदाढांचं १५ मायक्रॉन झिजताना आढळलं. चाळीस वर्षांचा हिशेब केला तर दाढेवरचं मिलिमीटरभर आवरण जातं. दाढेच्या उंचवट्यावर हे आवरण मुळात जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर. तेव्हा पासष्टीला दाढा सपाट दिसल्या, मधूनमधून पिवळा थर उघडा पडला, तर तो वयाचा हिशेब आहे. केस पिकण्याला आपण रोग म्हणत नाही. आणि आत दातही स्वस्थ बसलेला नसतो. वरून झीज होते तशी आतून नस मागे सरते आणि तिच्यापुढे नवा थर साचतो. म्हणून सत्तरीतल्या कित्येकांचे दात अर्धे झिजलेले असतात आणि तरी ते बर्फाचा गोळा खाऊ शकतात.

मग झीज रोग कधी ठरते? युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये एकत्र येऊन तीव्र दंतझिजेबद्दल जे सहमतीपत्र काढलं, त्याची व्याख्या मला पटते. वयाच्या मानाने फार जास्त झीज, आणि तिच्यामुळे दुखणं, खाण्यात अडचण किंवा रूप बिघडणं, असं असेल तरच ती रोग. याच पत्रात पुढे असंही सांगितलं आहे की दात पुन्हा बांधण्याचे उपचार शक्य तितके लांबवा आणि करायचेच झाले तर कमीत कमी दात घालवणारे उपचार निवडा. कोटेशन लिहिणाऱ्यांनी हे पत्र वाचलेलं नसेल असं मी म्हणणार नाही. वाचलेलं असतं.

त्याहून मोठी गफलत अशी की झीज कशाने झाली हे विचारायच्या आधीच उपाय ठरतो. वास्तविक झीज कुठे आहे यावरून ती कशाने झाली याचा बराच अंदाज येतो. वरच्या पुढच्या दातांची आतली, टाळूकडची बाजू गुळगुळीत, काचेसारखी झाली असेल तर संशय आम्लावर जातो. पोटातलं आम्ल रात्री वर येत असतं आणि कित्येकदा माणसाला छातीत जळजळही जाणवत नाही. वरखाली दात एकमेकांवर ठेवले की सपाट पैलू कुलूपकिल्लीसारखे जुळतात, तिथे झोपेत दात खाण्याची सवय असते. घोरणाऱ्यांत ती पुष्कळदा दिसते, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही वाढते. हिरडीपाशी, दाताच्या बाहेरच्या अंगाला पाचरीसारखी खाच पडली असेल तर बहुधा कडक ब्रश आडवा ओढलेला असतो. आपल्याकडे त्यात राखुंडी, कोळसा, वीटकरीची पूड आणि मशेरी यांची भर आहे. देशावरच्या आणि विदर्भातल्या जुन्या बायकांच्या दातांची मुळं मशेरीने कशी उघडी पडतात हे कोणत्याही सरकारी दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत सकाळी बसलं की दिसतं. शिवाय मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. दात झिजणं हे तिचं सगळ्यात किरकोळ पाप.

अलीकडे एक नवा प्रकार निघाला आहे. वजन उतरवायचं म्हणून रोज पहाटे कोमट पाण्यात आख्खं लिंबू पिळून घोट घोट प्यायचं आणि लगेच ब्रश करायचा. आम्लाने आवरण मऊ पडलेलं असताना त्यावर ब्रश घासणं हे दात झिजवायचं सगळ्यात सोपं तंत्र आहे. अशा माणसाला कॅप घालून दिल्या आणि लिंबू तसंच चालू राहिलं, तर कॅपेखाली उघडा राहिलेला मुळाचा भाग खाल्ला जातो. आधी लिंबू थांबवायला हवं. त्याला पैसे लागत नाहीत, म्हणून ते कोटेशनमध्ये येत नाही.

आता उंचीकडे. दात झिजले की चेहरा बुटका होतो, हे सरसकट खरं नाही. दात आयुष्यभर थोडेथोडे बाहेर सरकत राहतात आणि त्यांच्याबरोबर भोवतालचं हाडही सरकतं. झीज सावकाश असेल तर हे सरकणं ती भरून काढतं, आणि झिजलेले दात असलेल्या पुष्कळांच्या चेहऱ्याची उंची होती तेवढीच राहते. उंची खरोखर घटली आहे का हे पाहायची पद्धत साधी आहे. माणसाला सैल बसवायचं, ओठ मिटवायला सांगायचं आणि विसाव्यात वरच्या आणि खालच्या दातांमध्ये किती अंतर राहतं ते मोजायचं. ते साधारण दोन ते चार मिलिमीटर असतं. त्याच्या बोलण्यातला 'स' ऐकायचा. जुने फोटो पाहायचे. दहा मिनिटांचं काम आहे. पडद्यावरच्या फोटोत ते कळत नाही.

आणि उंची घटल्याने कान, मान, डोकं दुखतं या दाव्याचा इतिहास तर मजेशीर आहे. १९३४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या जेम्स कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी थोड्या रुग्णांवरून लिहिलं की दाढा गेल्याने जबडा जास्त मिटतो, सांध्याचा दाब मागे कानाकडे पडतो आणि त्यातून कानात आवाज, चक्कर, डोकेदुखी होते. कॉस्टेन सिंड्रोम म्हणून ते गाजलं. हॅरी सायशर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये दाखवून दिलं की सांध्याची रचना पाहता असा दाब पडणंच शक्य नाही. त्यालाही पाऊणशे वर्षं झाली. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या परिषदेत जबड्याच्या सांधेदुखीवर परत फिरता येणार नाही असे उपचार, म्हणजे दात तासणं, चावा कायमचा बदलणं, टाळावेत असा सूर निघाला. दुखत असेल तर आधी मऊ खाणं, शेक, व्यायाम, झोपेच्या सवयी, रात्री दातांवर घालायचं गार्ड. तरी आजही मणक्याचं दुखणं, तोल जाणं, विसरभोळेपणा असं सगळं चाव्याच्या खाती जमा होतं. दात गेलेल्या म्हाताऱ्यांत स्मरणशक्ती कमी झालेली जास्त दिसते, हे अभ्यासांत आढळतं. पण गरिबी, शिक्षण, मधुमेह, तंबाखू, एकटेपण हे दोन्हींच्या मुळाशी असू शकतात. कॅप घालून विसरभोळेपणा लांबला असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

खरा मुद्दा तासण्याचा आहे. जात्याला टाकी लावावी तसं हे आहे, गुळगुळीत झालं म्हणून पुन्हा घडवायचं, असं समर्थन मी ऐकलं आहे. टाकी लावताना दगड आणखी कमीच होतो. जातं जाड असतं म्हणून ते खपतं, दात तेवढा जाड नसतो. एडलहॉफ आणि सोरेन्सेन या संशोधकांनी २००२ मध्ये तासलेल्या दातांचं वजन करून पाहिलं. पूर्ण कॅपेसाठी तासल्यावर हिरडीवरच्या दाताचा ६३ ते ७२ टक्के भाग निघून गेला होता. म्हणजे पन्नास वर्षांत झिजेने जे नेलं त्याच्या कितीतरी पट आम्ही एका सकाळी टर्बाइनने नेतो, आणि त्याला दात वाचवणं म्हणतो. तासलेल्या दातांपैकी काहींची नस पुढच्या काही वर्षांत मरते. मग कॅपला भोक पाडून रूट कॅनॉल.

याला पर्याय नाही असं नाही, आणि तो नवाही नाही. झिजलेल्या दातावर दातासारख्याच रंगाचं कंपोझिट चिकटवून त्याची गेलेली उंची परत देता येते. आधी मापं घेऊन प्लास्टरच्या साच्यावर मेणाने दात हवे तसे घडवतात, त्यावरून सिलिकॉनचा ठसा काढतात. तोंडात दात कोरडा करायचा, आम्लाचं जेल तीस सेकंद लावून धुवायचं, बाँड लावायचा, ठशात कंपोझिट भरून दातावर दाबायचं आणि निळ्या दिव्याने कडक करायचं. मग दातांमध्ये निळ्या शाईचा पातळ कागद धरून, "चावा, हळूच घासा," असं पुन्हापुन्हा सांगत जिथे डाग जास्त पडतो तिथे घासून काढायचं. बहुतेक वेळा भूल लागत नाही. चांगला दात तासावा लागत नाही. आवडलं नाही तर सगळं काढून टाकून माणूस पुन्हा होता तिथे परत येऊ शकतो.

यावर लगेच शंका येते की पुढचे दात उंच केले तर मागच्या दाढा एकमेकींना टेकणारच नाहीत. टेकत नाहीत, काही महिने. नॉर्वेतल्या बियॉर्न डाल यांनी १९७५ मध्ये कोबाल्ट-क्रोमची एक छोटी पट्टी पुढच्या दातांमागे बसवून हेच केलं. मागच्या दाढा हळूहळू बाहेर सरकून पुन्हा टेकल्या, पुढचे थोडे आत दबले, आणि पुढच्या झिजलेल्या दातांसाठी जागा तयार झाली. मागचे दात न तासता. वय वाढलं की याला वेळ जास्त लागू शकतो, पण हे साठीनंतरही घडतं. पहिले काही आठवडे बोबडं बोलणं, भाकरी मऊ करून खाणं, हे आधी सांगून ठेवावं लागतं. न सांगता केलं तर माणूस चिडून दुसरीकडे जातो आणि तिथे त्याला अठ्ठावीस कॅप मिळतात.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा इथे येतो. कंपोझिट टिकत नाही, झिर्कोनियाची कॅप टिकते, मग म्हाताऱ्या माणसाला वारंवार खुर्चीत का बसवायचं? कंपोझिटचे टवके उडतात, डाग पडतात, काही वर्षांनी डागडुजी लागते, हे खरं आहे. पण दोन्हींचं बिघडणं सारखं नसतं. कंपोझिटचा टवका उडाला तर अर्ध्या तासात, खाली शाबूत दात असताना, भर घालता येते. कॅपेखालचा तासलेला दात हिरडीपाशी किडून मोडला तर बहुधा दातच जातो. आणि म्हातारपणात किडतं नेमकं तिथेच. रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, मनाच्या आजारांच्या पुष्कळ औषधांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी झाली की मुळं किडतात. ऐंशीच्या वयात हात थरथरतो, ब्रश नीट फिरत नाही, नजर कमी होते, दात घासायचे राहून गेले हेही आठवत नाही. साठीला 'एकदाच' केलेलं काम त्या वयात कसं बिघडेल, हा प्रश्न विचारायला हवा. सहज दुरुस्त होईल असं काम त्या वयाला सोयीचं असतं.

प्रत्येक गेलेल्या दाढेच्या जागी दात हवाच, हाही असाच एक हट्ट. नेदरलँड्समध्ये नायमेगेनच्या आर्न्ड कायसर यांनी १९८१ मध्ये मांडलं की पुढचे आणि उपदाढांपर्यंतचे, म्हणजे वीसेक दात नीट जोडीने टेकत असतील तर बहुतेक म्हातारी माणसं समाधानाने खातात, मागच्या दाढा नसल्या तरी. जागतिक आरोग्य संघटनेनेही पुढे वीस दातांचं उद्दिष्ट धरलं. जपानने १९८९ पासून 'ऐंशीला वीस' अशी मोहीम चालवली आणि २०१६ च्या पाहणीत ऐंशीच्या आसपासच्या निम्म्याहून अधिक लोकांचे वीस दात शाबूत निघाले. अपवाद आहे. रात्री दात कडाकडा खाणाऱ्याच्या उरलेल्या दातांवर भार जास्त येतो, तिथे गार्ड लागतं आणि कधी मागे आधारही द्यावा लागतो.

आणि मग येते सगळ्यात टोकाची सूचना. झिजलेले सगळेच काढा, चार-सहा इम्प्लांट टाका, वर पक्की पंगत. ज्यांचे दात हलून, पू होऊन खरंच संपले आहेत त्यांच्यासाठी हा उपचार मोठं वरदान आहे, याबद्दल माझं दुमत नाही. पण झिजलेला दात म्हणजे संपलेला दात नव्हे. त्याचं मूळ बहुधा हाडात घट्ट असतं, आणि त्याभोवतीच्या तंतूंना भातातला खडाही कळतो. इम्प्लांटला ते तंतू नसतात. दात खाणारा माणूस इम्प्लांटवर किती जोर लावतो हे त्यालाही कळत नाही. शिवाय हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही जणांना ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड अशी औषधं चालू असतात. ही घेणाऱ्यांत दात काढल्यावर क्वचित जबड्याचं हाडच न भरता उघडं राहतं, हे २००३ पासून वैद्यकाला माहीत आहे. दात काढायच्या आधी ही औषधं सांगा. आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मोडक्या मुळांचाही उपयोग असतो. खालच्या दोन सुळ्यांची मुळं रूट कॅनॉल करून, हिरडीपाशी गोल करून ठेवली आणि वर कवळी बसवली, तर ती कवळी डुगडुगत नाही आणि खालचं हाडही टिकतं. क्रम आणि रूनी या संशोधकांच्या १९७८ च्या अभ्यासात सुळे राखलेल्यांच्या खालच्या जबड्याचं पुढचं हाड पाच वर्षांत सरासरी ०.६ मिलिमीटर झिजलं, सगळे दात काढलेल्यांचं ५.२ मिलिमीटर. उपटून फेकायच्या मुळांची ही किंमत आहे. ही जुन्या पद्धतीची, कमी खर्चाची कवळी आता फारसं कुणी सुचवत नाही.

याचा अर्थ संपूर्ण तोंडाचं पुनर्बांधकाम कधीच लागत नाही असा मी घेत नाही. आवरण जाऊन नस उघडी पडली, दात हिरडीपर्यंत गेले, उंची मोजून खरंच घटलेली निघाली, कंपोझिट पुन्हापुन्हा तुटलं, अशा माणसाला कॅप लागतात आणि त्या वेळीच घालाव्यात. पण त्याआधी नवी उंची तोंडातून काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटवर किंवा तात्पुरत्या भरावावर काही आठवडे, महिने चालवून पाहतात. पहिल्याच भेटीत तासायला घेणाऱ्याने ती पायरी गाळलेली असते.

दुसऱ्या टोकाचे लोकही घरोघर आहेत. "चणे आहेत तर दात नाहीत" म्हणायचं, वय झालं, आता कशाला, म्हणून आईला पिठलंभात आणि केळ्यावर ठेवायचं. दात असेच जाऊ दिले तर पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर येतो. दात शिवशिवतो म्हणून शेंगदाणे, काकडी, भाकरी सोडलेली आजी अशक्त होत जाते आणि घरच्यांना ते वयाचं वाटतं. हिरड्या ठीक असतील तर सत्तरीतही दात तारेने सरकवता येतात. वय हे न करण्याचं कारण नाही, आणि घाईने सगळं करून टाकण्याचंही नाही.

पैशाचा प्रश्न उरतोच. आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचे उपचार बहुधा बसत नाहीत. मुंबईत नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळी, इथे कृत्रिम दंतशास्त्राचे विभाग आहेत. वेळ जातो, फेऱ्या पडतात, पण खर्च खूप कमी येतो. निदान दुसरं मत घ्यायला तरी तिथे जावं. कारण तिथे तुमचे दात तासण्यात कुणाचा फायदा नसतो.

तेव्हा कोटेशन हातात आलं की डॉक्टरांना शांतपणे विचारा. माझे दात कशाने झिजले? उंची घटली असं कशावरून, मोजलं का? भर घालून भागणार नाही का, नसेल तर का? आणि हे काम पंधरा वर्षांनी बिघडलं तर तेव्हा काय शिल्लक असेल? एक्सरे, साचे, फोटो यांच्या प्रती मागून घ्या, त्यांचे पैसे तुम्ही दिलेले आहेत. उत्तरं मिळाली नाहीत तर हप्त्याच्या फॉर्मवर सही करू नका.